दुःखाचा अर्थ सांगायची घाई नको



एखाद्या घरात कॅन्सर निघतो, हाताशी आलेला मुलगा जातो, तेव्हा मंडळीतली माणसं धावून येतात. यावंच. पण बसल्या बसल्या कुणीतरी म्हणतं, 'देव परीक्षा पाहतोय.' दुसरं कुणी हळूच चौकशी करतं, घरची प्रार्थना चुकत होती का? हे आपण बंद केलं पाहिजे. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनीही विचारलं होतं, पाप कुणाचं, याचं की आईबापांचं? प्रभूने दोन्ही नाकारलं. ईयोबाचे तिघे मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले, तोवर ते चांगले मित्र होते. बोलायला लागले आणि सगळं बिघडलं. शेवटी देव रागावला तो त्यांच्यावर, त्याच्याशी भांडणाऱ्या ईयोबावर नव्हे.

जे भोगत आहेत त्यांनी एवढं धरून ठेवावं: देवाकडे तक्रार करणं ही प्रार्थनाच आहे. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचा. ते अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळ नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. वधस्तंभावर येशूच्या तोंडी आलं तेही बाविसाव्या स्तोत्रातलं आक्रंदनच. पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली. काटा निघाला नाही, कृपा मिळाली. तेव्हा बरं वाटलं नाही म्हणून स्वतःचा विश्वास तोलत बसू नका. आणि प्रार्थना चालू आहे म्हणून डॉक्टरांची औषधं तर मुळीच सोडू नका.

मग दुःखाला अर्थ असतो की नाही? असतो, पण तो बहुधा उशिरा कळतो, आणि तो दुसऱ्याने सांगायचा नसतो. पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि बहीण दुष्काळात अन्नावाचून गेले. पुढे भाऊ गेला. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत, १८८२ मध्ये, पती गेले. पदरात तान्ही मनोरमा. त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो त्यानंतर, १८८३ मध्ये. १८९६-९७ च्या दुष्काळात याच बाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली आणि विधवांना घेऊन आल्या, आणि केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. भूक काय असते हे त्यांना कुणी सांगावं लागलं नव्हतं. पण म्हणून मुक्ती सदनासाठी देवाने त्यांचे आईबाप नेले, असं कुणी म्हणू नये. असा व्यवहार करणारा देव आपल्याला शुभवर्तमानात दिसत नाही. आपण एवढंच म्हणू शकतो की त्या दुःखालाही त्याने वाया जाऊ दिलं नाही.

आणि १९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या, त्याचं काय? वर्षभराच्या आत, ५ एप्रिल १९२२ ला, रमाबाईही गेल्या. त्या दुःखाचं फळ पाहायला वेळच मिळाला नाही. मुलीच्या पश्चात उरलेल्या त्या दिवसांतही मराठी बायबलच्या भाषांतराचं काम त्यांनी सोडलं नाही. मला त्यांचा विश्वास इथे सगळ्यांत मोठा वाटतो.

या रविवारी उपासनेनंतर, जिथे दुःख आहे त्या घरी जा. वचन पाठ करून जाऊ नका. दवाखान्यात रात्री थांबायला कुणी हवं का, मुलांचे डबे कोण करतंय, एवढं विचारा आणि त्यातलं एक काम अंगावर घ्या. प्रार्थना त्यांनी करा म्हटलं तरच करा.