वैलावरचं पाणी

पर्यावरणपूरक स्वयंपाकघर कसं असावं, यावर हल्ली बरंच छापून येतं. बांबूचा ब्रश घ्या, काचेच्या बरण्या घ्या, भांड्यांना रिठ्याचं पाणी वापरा. यातलं निम्मं तर विकत घ्यायचंच असतं! ही यादी शहापूर-मुरबाडच्या एखाद्या पाड्यावर वाचून दाखवली, तर बाया तोंडाला पदर लावून हसतील. तिथं चुलीतली राख कैक पिढ्या भांडी घासते आहे. पावसाच्या तोंडावर बाजारात शेवळं येतात, सोबत त्यांची खाज मारणारी काकडं येतात, ती मांडायला सागाचं पान पुरतं. रात्रीचा भात उरलाच तर सकाळी फोडणी खातो. ओल्या-सुक्या कचऱ्याचे डबे ठेवावेत इतका कचराच या घरांत होत नाही.

म्हणून या घरांचे गोडवे गाणारी मंडळी मात्र मला पटत नाहीत. शनिवार-रविवार माळशेजला येऊन ‘चुलीवरचं जेवण’ जेवायचं आणि रानातल्या साध्या जगण्यावर भाळायचं, हे त्यांना परवडतं. चुलीपुढे रोज बसणारीचे डोळे कसे होतात, ते जेवून जाणाऱ्याला दिसत नाही. साध्या तीन दगडांच्या चुलीत लाकडाची जेमतेम दहा टक्के उष्णता भांड्याला लागते. बाकीची भिंतीला, कौलांना आणि फुंकणी फुंकणारीच्या तोंडाला. त्या दहा टक्क्यांसाठी रानातून मोळी आणायची. ती डोक्यावर घेऊन चालणारी बाई आणि मागून रेंगाळणारी तिची मुलगी उन्हाळ्यात मुरबाडकडून टोकावड्याकडे जाताना हमखास दिसते.

गॅस आला आहे. उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला सुरू झाली, आणि लाल सिलिंडर पाड्यापाड्यांवर पोचला. पण तो चहापुरता आणि पाहुण्यांपुरता. भाकरी चुलीवर, कारण सिलिंडर भरायला एकरकमी पैसे लागतात आणि सरपणाला लागते ती बाईची मेहनत, जी कुणी हिशेबात धरत नाही. शिवाय धुराचंही काम असतं. चुलीवरच्या माळ्यावर बियाणं ठेवलं की त्याला कीड लागत नाही. ‘चूल मोडा’ म्हणणाऱ्याने बियाणं कुठे ठेवायचं तेही सांगावं.

माझ्या मते सगळ्यांत जास्त सरपण भाकरी खात नाही, अंघोळीचं पाणी खातं. घरातल्या प्रत्येकाला बादलीभर ऊन पाणी हवं, आणि त्यासाठी सकाळी वेगळा जाळ. जुन्या मातीच्या चुलीला मागे वैल, म्हणजे त्याच जाळावरचं दुसरं तोंड, असायचा. पुढे भाकऱ्या होईपर्यंत वैलावरचा हंडा आपोआप तापायचा, वाया जाणारी ऊब पाण्यात जायची. कुठल्याही अभियंत्याला अभिमान वाटावा अशी ही सोय. अनेक घरांतून ती गेली, कारण विटांची चटपट चूल मांडता येते, वैल मात्र हाताने थापावा लागतो.

सरकारने चूल सुधारायचा प्रयत्न केला नाही असं नाही. सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम ऐंशीच्या दशकात सुरू झाला आणि २००२ मध्ये बंद पडला. धुराडं होतं, पण ते काजळीने तुंबलं की साफ कोण करणार? चुलीचं तोंड लहान, लाकूड जाडं. ते फोडायला कोयता घेऊन बसायचं की चुलीचंच तोंड फोडायचं? बायांनी बहुतेक ठिकाणी दुसरा मार्ग धरला. चूल आखणाऱ्यांनी रांधणारीला विचारलं असतं, तर हे पहिल्या दिवशीच कळलं असतं.

चुलीऐवजी गोबरगॅस म्हणाल, तर त्याचं गणित सरळ आहे. एक घनमीटर गॅसला सुमारे पंचवीस किलो शेण लागतं, लहान कुटुंबाच्या दोन घनमीटरला पन्नास. गोठ्यात चार-पाच जनावरं असतील तर जमतं. कातकरी कुटुंबाकडे दोन शेळ्या असतात. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी यावर तोड काढली. शेणाऐवजी खरकटं आणि पिष्टमय टाकाऊ अन्न घालायचं, त्यातून गॅस लवकर आणि जास्त निघतो. २००६ मध्ये या संयंत्राला ॲशडेन पुरस्कार मिळाला. पाड्यावरच्या एकेका घरात इतकं उरतच नाही, हा भाग वेगळा. आश्रमशाळेच्या भटारखान्यात आणि महामार्गावरच्या ढाब्यांत मात्र ते रोज घमेल्यांनी फेकलं जातं. संयंत्र तिथं हवं.

पाण्याची गोष्ट तर बोलायलाच नको. तानसा धरण १८९२ चं. मोडकसागर आणि भातसाही शहापूर तालुक्यातच. मुंबईच्या पाण्यातला जवळपास निम्मा वाटा एकट्या भातसाचा, आणि मार्च लागला की धरणांच्या बगलेतल्या पाड्यांना टँकर. तिथली बाई तांदूळ धुतलेलं पाणी अळूला घालते, हे कुठल्या पुस्तकातून शिकलेली नसते.

करण्यासारखं काय आहे? अंघोळीचं पाणी आधी. आठ महिने ऊन फुकट आहे. काळा रंग दिलेलं पिंप दुपारभर छपरावर ठेवलं तर संध्याकाळचं पाणी जाळाशिवाय होतं. नवी चूल घालताना वैल घालावा. डाळ, वाल, चवळी रात्री भिजवावी, भातावर झाकण ठेवावं. पावसाळ्यात ऊन नसतं आणि लाकूड ओलं, तेव्हा भाताच्या गिरणीतलं तूस कामाला येतं. पत्र्याच्या डब्याला खाली एक भोक पाडायचं, मधे बाटली उभी आणि भोकातून तिला टेकेल अशी काठी आडवी धरून भोवती तूस ठासायचं, दोन्ही अलगद काढायची आणि खालच्या भोकातून काटकी पेटवून सरकवायची. धूर थोडा होतोच, म्हणून ही शेगडी घरात न ठेवता पडवीत ठेवावी, वाऱ्याच्या आडोशाला.