कंपासपेटीची हेळसांड

चित्रकलेच्या वर्गांतून बाहेर पडतांना एखादा विद्यार्थी टी-स्क्वेअर बॅटीप्रमाणें फिरवूं लागला, कीं आम्हांस वाईट वाटतें. त्याचें डोकें एकदां भिंतीवर आपटून पात्यापासून ढिलें झालें, म्हणजे पुढें काढलेल्या आडव्या रेघा समांतर राहत नाहींत. आणि बिचारा मुलगा दोष आपल्या हाताला देतो!

जुन्या पेट्यांतून आढळणाऱ्या रूलिंग पेनची कथा याहून वाईट. पाण्यानें न पुसणाऱ्या काळ्या शाईंत बहुधा लाखेचा अंश असतो; ती दोन पात्यांमध्यें सुकली कीं घट्ट बसते. प्रस्तुत लेखकानें थोरल्या बंधूंचें पेन असेंच न पुसतां ठेविलें. परीक्षेच्या दिवशीं शाई उतरेना म्हणून त्यांनीं तें किंचित् झटकलें, तों पुऱ्या झालेल्या आकृतीवर डाग पडला. ते कांहींच बोलले नाहींत, तें अधिक लागलें. ओल्या फडक्यानें पुसून, कोरडें करून, स्क्रू सैल करून ठेवण्यास एक मिनिटहि लागलें नसतें.

तथापि सर्व दोष मुलांच्याच माथीं मारणें आम्हांस मान्य नाहीं. शाळेंत कपाट नसेल व फळे ओल्या भिंतीस टेकून ठेवावे लागत असतील, तर पावसाळ्यांत ते वांकणारच. शिक्षकांनींहि तासाचीं शेवटचीं पांच मिनिटें साफसफाईसाठीं राखावींत, आणि चित्र अपुरें राहिलें तरी तीं कापूं नयेत.