अठ्ठावीस एकरांचे रिकामेपण

मंडप निघून दोन दिवस झाले होते. शिवाजी पार्कवर सकाळी सहाच्या सुमारास नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा क्षेत्ररक्षणाचा सराव करत होता. जमिनीलगत येणारा साधा चेंडू त्याच्या पुढ्यात टप्पा घेऊन उसळला आणि हनुवटीवर बसला. प्रशिक्षकांनी त्याला कट्ट्यावर नेऊन बसवले, परत येऊन टप्पा पडलेली जागा बुटाच्या टाचेने उकरली. बोटभर लाल मातीखाली खडी निघाली. खांबासाठी खणलेला खड्डा जाताना कुणीतरी खडी आणि विटांचे तुकडे टाकून बुजवला होता. कट्ट्यावरून पाहणाऱ्याला मैदान होते तसेच दिसत होते.

शिवाजी पार्कवर उद्या टॉवर उभा राहील अशी भीती मला वाटत नाही. या मैदानाला वारसास्थळाचा दर्जा आहे, न्यायालयाचे लक्ष आहे, आणि आजूबाजूला जागरूक वस्ती आहे. माझी भीती त्या खड्ड्याएवढी आहे. मोठी सार्वजनिक जागा एका रात्रीत जात नाही. ती वापरणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत, दर वेळी एखाद्या चांगल्या कारणासाठी, थोडी थोडी निकामी होते.

1925 मध्ये मुंबई महापालिकेने हे मैदान लोकांसाठी खुले केले तेव्हा त्याचे नाव माहीम पार्क होते. दोन वर्षांनी, शिवजन्माच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहावरून ते शिवाजी पार्क झाले. भोवतीची तीन-चार मजली घरे बहुतेक नंतर आली, म्हणजे आधी मोकळी जागा ठरली आणि वस्ती तिच्या कडेने वसली. आज आपण उलट क्रमाने शहर बांधतो. आधी इमारती उठतात, मग त्यांच्या कोपऱ्यात उरलेल्या तुकड्यावर घसरगुंडी बसवून त्याला उद्यान म्हटले जाते. त्या काळच्या महापालिकेकडे पैसा आजच्यापेक्षा कितीतरी कमी होता. तरी एवढी जागा मोकळी सोडायचे तिने ठरवले.

मैदान सुमारे 28 एकरांचे आहे. चौरस मीटरमध्ये हा आकडा 1 लाख 13 हजारांच्या आसपास जातो. केंद्र सरकारच्या नगरनियोजनाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार शहरात माणशी 10 ते 12 चौरस मीटर मोकळी जागा असावी. त्या मापाने शिवाजी पार्क जेमतेम 11 हजार माणसांना पुरेल. मुंबईत प्रत्यक्षात माणशी सव्वा चौरस मीटर जागाही भरत नाही. विकास आराखड्याच्या चर्चेत 1.24 हा आकडा वारंवार आला आहे. एक सतरंजी अंथरली की संपली, एवढी ही जागा. म्हणून इथला प्रत्येक चौरस मीटर आठ-नऊ माणसांचे काम एकटा करत असतो. अशा जागेतून अर्धा गुंठा जरी एखाद्या कायमच्या बांधकामाला दिला, तरी तो कुणाच्या वाट्यातून गेला हे विचारले पाहिजे.

तो वाटा कुणाचा, हे पाहायचे तर दिवसभर कट्ट्यावर बसावे. सव्वा किलोमीटरला थोडा कमी पडणारा हा कट्टा मैदानाला वळसा घालतो. पहाटे पाचला चालणाऱ्या बायका येतात. अंधारात एकट्या चालू शकतात, कारण त्यांच्या पुढेमागे आणखी पन्नासजण चालत असतात. मग किटबॅगा पाठीवर घेतलेली मुले. त्यांतली बरीच मैदानासमोरच्या घरांतली नसतात. धारावी, माहीम कोळीवाडा, वरळी, प्रभादेवी, कुणी लोकलने थेट विरार-कल्याणहून. मैदानाकडे तोंड असलेल्या फ्लॅटचा भाव कोटींत आहे आणि त्या भावात मैदानाचा मोठा हिस्सा आहे. तो घरमालकाच्या खिशात जातो. पण ज्याच्या घरात दहा बाय बाराच्या खोलीत सहाजण झोपतात, त्या मुलाला सरळ पन्नास पावले धावायला हीच एक जागा आहे. त्याची किंमत कुठल्याच रेडी रेकनरमध्ये लिहिलेली नाही.

रमाकांत आचरेकर सरांच्या नेट्स याच मैदानावर लागत. सचिन तेंडुलकर बाद न होता खेळला की यष्टीवर ठेवलेला रुपया त्याचा, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. त्या गोष्टीतला रुपया लक्षात राहतो, मैदान निसटते. एकाच वेळी अनेक संघ, अनेक नेट्स, एकमेकांच्या सीमारेषा ओलांडणारे चेंडू, आणि कुणालाही कडेला उभे राहून बघायची मुभा, अशी ती शाळा होती. फी भरून, वेळ ठरवून, जाळीबंद टर्फवर तासाच्या भाड्याने खेळ शिकता येतो. तिथे भाडे परवडणारा मुलगा येतो, न परवडणारा येत नाही. मैदानाच्याच कडेला मल्लखांब शिकवणारे समर्थ व्यायाम मंदिर आहे. 2019 मध्ये मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा शिवाजी पार्कवर झाली, आणि तीही अनेक दशके इथल्या मातीत घाम गाळलेल्या लोकांमुळे.

मैदान म्हणजे फक्त खेळ, असेही मला म्हणायचे नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या प्रचंड सभा इथे भरल्या. दर 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर येणारे लाखो लोक रात्रभर याच मैदानाच्या आसऱ्याला असतात. पुस्तकांचे स्टॉल लागतात, जेवणे होतात, परगावहून आलेली म्हातारी माणसे मंडपाखाली पाठ टेकतात. एवढ्या माणसांना सामावून घेणारी दुसरी जागा दादरमध्ये नाही. ही आहे, कारण कुणी इथे काही बांधून ठेवलेले नाही. त्यामुळे सभांना आणि मेळाव्यांना सरसकट विरोध करणाऱ्या रहिवाशांशी माझे पूर्ण पटत नाही. शहराला एकत्र जमायला जागा लागते, आणि ती आपल्या खिडकीसमोर आहे म्हणून बंद करा असे म्हणता येत नाही.

पण वापराला हिशेब लागतो. 2010 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शिवाजी पार्क हे शांतता क्षेत्र मानले आणि सभांवर मर्यादा आल्या. पुढे राज्य सरकारने वर्षाला 45 दिवस खेळाव्यतिरिक्तच्या कार्यक्रमांसाठी मोकळे केले. 45 हा आकडा ऐकायला बेताचा वाटतो. मात्र परवानगीच्या कागदावरचा एक दिवस मातीवर एका दिवसात संपत नाही. आधी बांबू, लोखंडी सांगाडे, जनरेटर घेऊन ट्रक आत येतात. ओल्या जमिनीवरून भरलेला ट्रक गेला की चाकाखालची माती आवळते, तिच्यातल्या हवेच्या पोकळ्या बंद होतात. तिथे मुळे खाली जात नाहीत आणि पाणीही मुरत नाही. वर आठवडाभर गालिचा अंथरून ठेवला तर उरलेसुरले गवत पिवळे पडून मरते. गवत मेले की माती उघडी पडते, उघडी माती हिवाळ्याच्या वाऱ्यावर उडते, आणि कडेच्या घरांत राहणारे दम्याचे रुग्ण खिडक्या लावून घेतात.

लाल मातीच्या धुळीवरून गेली काही वर्षे भांडण चालले आहे. नवी माती टाका, टाकलेली काढा, पाणी मारा, गवत लावा, अशा सूचना एकामागून एक येतात. धूळ हा मूळ आजार नाही. ज्या जमिनीला सावरायला पावसाळ्यानंतरचे दोन-तीन महिने विनात्रास मिळायला हवेत, तिला ते मिळत नाहीत, हे खरे दुखणे आहे. शेतकरीसुद्धा जमीन पड ठेवतो. मैदानाचेही काही भाग आळीपाळीने दोरी लावून बंद ठेवावे लागतील, खेळाडूंनाही. माझ्या ओळखीच्या क्रिकेटवाल्यांना हे आवडणार नाही, तरी सांगणे भाग आहे.

या जमिनीचे एक काम कुणाला दिसतच नाही. जुलैतल्या एखाद्या दिवशी 100 मिलिमीटर पाऊस पडणे मुंबईला नवे नाही. तेवढ्या पावसात या 28 एकरांवर 1 कोटी 13 लाख लिटर पाणी पडते, दहा हजार लिटरचे अकराशेहून जास्त टँकर. जमीन भुसभुशीत असेल तर त्यातले बरेचसे मुरते, काही तिथेच साचून हळूहळू जाते. जमीन आवळलेली असेल किंवा तिच्यावर पेव्हर ब्लॉक बसवले असतील, तर हेच पाणी तासाभरात आधीच तुंबलेल्या गटारांवर जाऊन आदळते. पावसात पाणी तुंबण्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या हिंदमातापासून फार लांब न राहणाऱ्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागू नये.

एवढे सगळे करणारी जागा सरकारी कागदावर मात्र ‘मोकळी’ असते, आणि मोकळे म्हटले की प्रत्येकाला तिथे काहीतरी सुचते. एखादे स्मारक, प्रेक्षक सज्जा, संगीत कारंजे, सेल्फी पॉइंट, शोभेचे दिवे. प्रत्येक प्रस्तावामागे कुणीतरी आदराचा माणूस किंवा चांगली भावना उभी असते, त्यामुळे नाही म्हणणारा वाईट दिसतो. मी स्वच्छ स्वच्छतागृहे आणि पिण्याचे पाणी एवढ्यालाच हो म्हणेन, तेही कडेला. बाकी प्रत्येक गोष्ट मैदानावरच का, याचे उत्तर आधी द्यावे लागले पाहिजे.

मी विनाकारण घाबरवतो आहे असे वाटणाऱ्यांनी दक्षिण मुंबईचा नकाशा पाहावा. फोर्टच्या तटबंदीबाहेर तोफांच्या माऱ्यासाठी इंग्रजांनी एस्प्लनेड नावाचे विस्तीर्ण मैदान मोकळे ठेवले होते. 1860 च्या दशकात तटबंदी पडली आणि त्या मैदानातून रस्ते गेले, इमारती आल्या. उरले ते आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि कूपरेज. आज ही चार वेगळी मैदाने वाटतात. ती एकाच अंगाचे तुकडे आहेत, हे तिथे खेळणाऱ्या मुलांना माहीतही नसते.

त्याहून जवळचा घाव गिरणगावाचा आहे. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या 58 व्या नियमाप्रमाणे गिरण्यांच्या जमिनीचा साधारण एक तृतीयांश हिस्सा मोकळ्या जागांसाठी महापालिकेकडे, तेवढाच घरांसाठी म्हाडाकडे आणि उरलेला मालकांकडे जायचा होता. गिरण्यांची जमीन सुमारे सहाशे एकर होती. म्हणजे दोनशे एकरांच्या घरात उद्याने आणि मैदाने, सात शिवाजी पार्क, लालबाग-परळ-लोअर परळच्या लोकांना मिळू शकली असती. 2001 मध्ये नियम बदलला. वाटणी सगळ्या जमिनीची न होता, ज्यावर बांधकाम नाही तेवढ्याच जमिनीची होईल असे ठरले. गिरणीची जमीन बहुतेक शेडखालीच असते, तेव्हा वाटायला उरले किरकोळ. उच्च न्यायालयाने 2005 मध्ये लोकांच्या बाजूने निकाल दिला, पण मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचा बदल कायम ठेवला. नियमातली एक व्याख्या बदलली आणि सात मैदाने गेली. तेव्हा फारच थोडे लोक रस्त्यावर उतरले, कारण जे अजून हाती आलेच नव्हते ते गमावल्याचे दुःख होत नाही.

आता महालक्ष्मीची पाळी आहे. रेसकोर्सची 120 एकर जागा आणि सागरी किनारा मार्गासाठी भराव घालून मिळालेली जमीन मिळून सुमारे 300 एकरांचे मोठे उद्यान करायचे ठरते आहे. ही बातमी ऐकून मला मनापासून आनंद झाला होता. या शहरात एवढ्या मोठ्या उद्यानाची गोष्ट आपल्या हयातीत पुन्हा निघेल असे वाटले नव्हते. पण त्याच्या पाठोपाठ जमिनीखाली क्रीडासंकुल आणि वाहनतळ करण्याच्या कल्पनाही मांडल्या गेल्या. वर हिरवळ, खाली बांधकाम, म्हणजे दोन्ही हाती लाडू असे सांगितले जाते. खाली काँक्रीटचा स्लॅब असेल आणि वर मीटर-दीड मीटर माती, तर तिथे लॉन वाढेल, झुडपे वाढतील, लहान झाडेही तग धरतील. वड, पिंपळ, पर्जन्यवृक्ष यांना मनासारखी मुळे पसरायला ती माती पुरणार नाही. पाणी स्लॅबपर्यंत जाईल आणि पाइपातून बाहेर काढावे लागेल. दहा-पंधरा वर्षांनी जलरोधक थर गळू लागला की दुरुस्तीसाठी वरची बाग उकरली जाईल. शिवाय तळघराच्या वाटा, हवेचे झरोके, गाड्यांचे उतार, अग्निशमनाचा रस्ता हे सगळे वरच्या उद्यानातूनच जाते. नकाशावर 120 एकर राहतील, पायाखाली किती राहतील?

म्हणून शोभिवंत चित्रफितीतल्या फुलपाखरांवर समाधान मानू नये. लोअर परळ, वरळी, ताडदेवच्या लोकांनी आराखड्याचे उभे छेदचित्र मागावे. त्यात जमिनीच्या पातळीखाली काय काय आहे, स्लॅब कुठून कुठपर्यंत आहे, त्यावर मातीची जाडी किती आहे, आणि जिच्याखाली काहीच बांधलेले नाही अशी अखंड जमीन किती एकर आहे, हे चार आकडे लेखी मागावेत. शिवाजी पार्कच्या लोकांनी आपल्याकडे दर कार्यक्रमानंतर खड्डे कशाने बुजवले, हे मंडपाची अनामत रक्कम परत जाण्याआधी कुदळ मारून पाहावे.

त्या मुलाच्या हनुवटीला तीन टाके पडले. पुढच्या आठवड्यात तो परत आला. प्रशिक्षकांनी त्याची जागा वीसेक पावले पलीकडे, पुतळ्याच्या बाजूला सरकवली होती आणि खडीच्या जागी चुन्याने एक गोल आखून ठेवला होता. त्या बाजूला तसे आणखी चार गोल होते.