टाकी मोठी, नळ बारीक!

हल्ली आपल्या रत्नागिरीतही लॅपटॉपला जोडायला फोर-के मॉनिटर घ्यायची क्रेझ आली आहे. ड्रॉइंग, कोडिंग, प्रोजेक्ट रिपोर्ट, सगळं एकाच मोठ्या स्क्रीनवर! कल्पना झकास आहे. पण घरच्यांच्या आंबा सीझनच्या कमाईतून मॉनिटर घ्यायचा आणि केबल मात्र हाताला लागेल ती लावायची, हे मला अजिबात पटत नाही.

जरा हिशोब करा. ३८४० × २१६० पिक्सेल, प्रत्येकी २४ बिट, सेकंदाला ६० वेळा. झाले जवळजवळ १२ गिगाबिट! २००९ च्या एचडीएमआय १.४ मधून चित्राचा डेटा जातो सेकंदाला जेमतेम ८ गिगाबिट. म्हणून तिथे फोर-के ३० हर्ट्झवरच अडकतं. माउस अडखळतो आणि आपण खापर फोडतो मॉनिटरवर. नाचता येईना, अंगण वाकडे!

६० हर्ट्झ हवेत तर लॅपटॉप आणि मॉनिटर दोन्हीकडे २०१३ चं एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ हवं. एचडीएमआयची केबल ‘प्रीमियम हाय स्पीड’ बघून घ्या. यूएसबी-सी दिसलं म्हणून लगेच खूश होऊ नका. प्रत्येक सी पोर्टमधून व्हिडिओ जातोच असं नाही.

दुकानदार म्हणेल, "चालेल रे!" चालेल हो, पण कसं चालेल? हा प्रश्न इंजिनिअरिंगच्या मुलांनी नाही विचारायचा तर कुणी? तेव्हा आधी लॅपटॉपचं स्पेसिफिकेशन वाचा, मगच पाकिटाला हात घाला!