कागदाचे कुलूप आणि किल्ली

आमच्या शाळेत सात संगणक आहेत. सातही जुने, एका कार्यालयाने नवे घेतल्यावर आम्हाला मिळालेले. त्यांवर परवान्याची विंडोज नव्हती आणि ती विकत घ्यायला पैसेही नव्हते. "कुणाकडून तरी सीडी आणा आणि टाका, सगळेच टाकतात," असा सल्ला मिळाला. पण वर्गात रोज 'कॉपी करू नका' म्हणून सांगणारा मी, लॅबमध्ये चोरीचा माल कसा बसवू? एका माजी विद्यार्थ्याने लिनक्स बसवून दिली. युनिक्सच्या धर्तीवरची ही प्रणाली फुकट मिळते आणि तिची कायदेशीर प्रत कुणालाही देता येते.

मग एक दिवस शिष्यवृत्तीच्या अर्जाचा नमुना आला. संकेतस्थळावर दुवा होता, फाईल वर्डची होती. दुव्यावर क्लिक केले तर फायरफॉक्सने फाईल गुपचूप उतरवून घेतली आणि पुढे काहीच केले नाही. उघडू गेलो तर पडद्यावर नुसती चौकटी-चिन्हे. "सर, तुमची ती लिनक्स काढा आता," एक सहकारी म्हणाले. मुदत दोन दिवसांवर होती. मी तालुक्याला जाऊन सायबर कॅफेतून अर्ज छापून आणला. सातवीतल्या ज्या मुलीसाठी तो हवा होता, तिच्या वडिलांना सहीसाठी दोनदा मजुरी बुडवून यावे लागले. अर्ज वेळेत गेला, पण ती दोन दिवसांची मजुरी कुणी भरून दिली नाही.

नंतर शांतपणे बसून समजून घेतले, तेव्हा दोष लिनक्सचा नव्हता असे लक्षात आले. ब्राउझर वर्डची फाईल स्वतः वाचत नाही, तो फक्त पोस्टमन आहे. सर्व्हर फाईलबरोबर एक चिठ्ठी पाठवतो, की हा माल अमुक प्रकारचा आहे. या चिठ्ठीला माइम टाइप म्हणतात आणि ही पद्धत १९९२ पासूनची आहे. चिठ्ठी वाचून ब्राउझर आपल्या यादीत बघतो, की हा प्रकार कोणत्या प्रोग्रॅमकडे सोपवायचा. जुन्या युनिक्सवर ही यादी 'मेलकॅप' नावाच्या साध्या मजकुराच्या फाईलमध्ये असे. एका ओळीत मालाचा प्रकार आणि त्यापुढे प्रोग्रॅमचे नाव, की झाले काम.

आज तेवढेही लिहावे लागत नाही. आधी लिबरऑफिस बसवलेले हवे, तेही फुकट आहे. मग फायरफॉक्सच्या सेटिंग्जमध्ये 'जनरल' या भागात खाली 'अॅप्लिकेशन्स'ची यादी असते. तिथे वर्ड डॉक्युमेंटसमोर लिबरऑफिस रायटर निवडायचे. यादीत वर्डचा प्रकार दिसत नसेल तर 'उघडायचे की साठवायचे ते विचार' हा पर्याय लावायचा. २०२२ पासून फायरफॉक्स हे आपणहून विचारत नाही, सरळ साठवून टाकतो. एवढे करूनही एखादी फाईल हट्ट धरते, कारण सर्व्हरनेच चिठ्ठीवर 'नुसते बाइट्स' असे मोघम लिहिलेले असते. तेव्हा फाईल साठवून हाताने उघडावी. आणि अनोळखी ठिकाणची फाईल असेल तर मॅक्रो चालू करू नयेत. सातही संगणकांवर हे करायला मला एक दुपार पुरली.

पण खरी गंमत पुढे आहे. तीच फाईल लिबरऑफिसमध्ये नीट उघडली आणि मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली! मजकूर युनिकोडमध्ये नव्हता. जुन्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रे बसवलेली असतात. तो फाँट तुमच्याकडे नसेल, तर कागद हातात असूनही तुम्ही निरक्षर. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे. तरी आपण अजून तिथेच घुटमळतो आहोत.

उर्दूवाल्यांनी यावर हसू नये. १९९४ मध्ये आलेल्या इनपेजने उर्दू छपाईची मोठी खिदमत केली, हे कबूल. पण जुन्या इनपेजची फाईल उघडायला इनपेजच लागते. माझ्या बारा वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि मुलांच्या हस्तलिखिताचे दोन अंक मीच त्या कुलपात ठेवले. कार्यालयाला नावे ठेवताना हे मला आधी सांगितले पाहिजे.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. जो कागद सर्वांसाठी आहे, त्याची किल्ली एकाच दुकानात मिळता कामा नये. नुसता वाचायचा असेल तर पीडीएफ द्यावा. भरायचा असेल तर ओडीटी द्यावा. हा मुक्त नमुना २००६ मध्येच आंतरराष्ट्रीय मानक झाला. मजकूर मराठी असो वा उर्दू, युनिकोडमध्येच असावा. नस्तालीकसाठी नोटो नस्तालीक उर्दूसारखे मोफत फाँट आहेत. ई-प्रशासनात खुली मानके वापरावीत, असे केंद्र सरकारचे धोरणही २०१० पासून आहे. म्हणजे मी काही नवे मागत नाही.

"वर्ड तर सगळ्यांकडे असतेच," असे कुणी म्हणेल. ज्यांच्याकडे आहे, त्यातल्या कितींनी ते विकत घेतले आहे? गरिबाने एक तर पैसे मोजावेत, नाही तर चोरी करावी, असे दोनच रस्ते आपण ठेवणार असू, तर मुलांना प्रामाणिकपणाचा धडा शिकवायचा आपला हक्क कुठे उरतो? "लिबरऑफिस वर्डची फाईल उघडतेच की," असेही म्हणतील. उघडते, पण तक्त्याच्या रेघा कधी कधी सरकतात, आणि सरकलेला अर्ज खिडकीवरचा माणूस परत करतो.

मी माझ्यापुरती सुरुवात केली आहे. रोज एक जुनी प्रश्नपत्रिका युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करतो. परवा त्या सातवीतल्या मुलीने लॅबमध्ये आपले नाव एका ओळीत मराठीत आणि पुढच्या ओळीत उर्दूत लिहिले. एक डावीकडून, एक उजवीकडून. फाईल साठवली आणि शेजारच्या संगणकावर उघडून पाहिली. दोन्ही नावे जशीच्या तशी होती.