एक कूळ, दोनशे अंगरखे

घसा दुखणे याला आजार म्हणण्याची आपल्या घरांत पद्धत नाही. दिवाळीत तर मुळीच नाही. मुलाचा घसा धरला, की तळलेली चकली, फटाक्यांचा धूर आणि पहाटेची थंडी यांच्यावर आरोप ठेवायचा, हळद-मिठाच्या गुळण्या करवायच्या, की खटला निकालात! बहुतेक वेळा त्यात काही बिघडतही नाही. कारण बरीचशी घसादुखी विषाणूंची असते व ती आपोआप बरी होते. पण कधी कधी गुन्हेगार निराळाच निघतो. त्याचे नाव स्ट्रेप्टोकोकस.

ग्रीक भाषेत ‘कोकोस’ म्हणजे दाणा. दाण्यांची माळ ओवल्यासारखा दिसणाऱ्या या जिवाणूला बिलरोथ नावाच्या शल्यविशारदाने १८७४ साली हे नाव दिले. पण नाव एक म्हणून स्वभावही एक, असे थोडेच असते! १९१९ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत लष्करी छावण्यांतून आलेले नमुने तपासले, तेव्हा त्यांत निरनिराळे प्रकार आढळले. त्या कामात रिबेका लान्सफील्ड ही तरुण संशोधिका होती. पुढे बाईंनी सारे आयुष्य याच जिवाणूला वाहिले आणि त्याच्या अंगावरच्या ‘एम’ प्रथिनाचा छडा लावला.

हे प्रथिन म्हणजे त्याचा अंगरखा. तो कसा विणायचा हे जनुकात लिहिलेले असते आणि तिथली अक्षरे बदलली, की वीण बदलते. घशाला धरणाऱ्या एकाच जातीत असे दोनशेहून अधिक अंगरखे आज ठाऊक आहेत. शिवाय जिवाणूंत शिरणारे विषाणू नवी जनुके आणून देतात, ते वेगळेच. लोहितांग ज्वराचे विष त्यातलेच एक.

आता यात आपले काय जाते? वाचकहो, पुष्कळच जाते. शरीर शत्रूला अंगरख्यावरून ओळखते. एक प्रकार पचवला, की त्याची आठवण वर्षानुवर्षे टिकते. पण दुसरा आला, की पहिला धडा फारसा कामी येत नाही. त्यात या अंगरख्याचे काही धागे आपल्या हृदयातल्या प्रथिनांशी जुळणारे. घसा बरा होऊन दोन-तीन आठवडे लोटतात आणि एखाद्या मुलाला संधिज्वर गाठतो. शत्रूवर निघालेली फौज स्वतःच्याच हृदयाच्या झडपांवर चाल करते. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांना हा धोका अधिक.

लस का नाही, असे कोणी विचारील. श्रीमंत देशांत मोजकेच प्रकार मुख्यतः फिरतात. आपल्यासारख्या देशांत मात्र प्रकारांची जत्राच भरलेली. तिकडच्या मापाने शिवलेली लस इकडे अपुरी पडायची. सर्वांना पुरेल अशी लस अजून हाती आलेली नाही.

दिलासा एवढाच, की पेनिसिलिन अंगरखा पाहतच नाही. ते आतल्या भिंतीचे बांधकाम मोडते आणि भिंत सर्वांची सारखीच! त्याला पुरते न जुमानणारा प्रकार या जातीत अजून निघालेला नाही. तेव्हा ताप व गिळताना ठणका असेल, तर घसा डॉक्टरांना दाखवावा. त्यांनी औषध दिलेच, तर दोन दिवसांत बरे वाटले म्हणून उरलेल्या गोळ्या फडताळात ठेवू नयेत. फडताळात राहिलेल्या त्या चार गोळ्यांची किंमत पुढे मुलाच्या हृदयाला मोजावी लागू शकते.