एक जून आणि एकवीस दिवस

महाविद्यालयातील प्रवेशअर्ज तपासताना काही वर्षांपूर्वीपर्यंत एक तारीख वारंवार डोळ्यांपुढे येत असे : १ जून. अकोले, पाथर्डी, जामखेडच्या खेड्यापाड्यांतून आलेल्या कित्येक विद्यार्थ्यांचा जन्म जणू याच दिवशी झाला होता! वास्तविक आपले मूल कोणत्या सणाच्या आगेमागे जन्मले, हे त्यांच्या आयांना पक्के ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते सरकारी दप्तराला. शाळा जूनमध्ये उघडे. डोक्यावरून हात नेऊन मुलाला पलीकडचा कान धरता येतो की नाही हे गुरुजी पाहत आणि वय बसेल असे साल धरून १ जून ही तारीख मांडून टाकीत. त्यांना दोष देता येत नाही; त्यांनी मुलाला शाळेत घेतले, हेच मोठे. परंतु लेखणीचा तो एक फटका माणसाच्या सेवानिवृत्तीपर्यंत पुरे. पहिल्या तारखेस जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. दरवर्षी ३१ मे रोजी आपल्या कचेऱ्यांत निरोपसमारंभांची जी दाटी होते, तिचे मूळ या नोंदीत आहे.

आता ही सोय राहिलेली नाही. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या अधिनियमात २०२३ साली झालेली दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून अंमलात आली. त्या दिवशी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलाला शाळाप्रवेश, मतदारयादी, वाहनपरवाना, विवाहनोंदणी, सरकारी नोकरी, पारपत्र आणि आधार या सर्वांसाठी जन्मतारखेचा व जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागणार आहे. अनेक कागद मागण्यापेक्षा एकच कागद मागणे केव्हाही चांगले. पण तो एक कागद ज्याच्यापाशी नसेल, त्याचे काय, हा प्रश्न त्यामुळे अधिक तीव्र होतो.

कायद्याचे दिवस, घरचे दिवस

कायद्याचे गणित सोपे आहे. जन्माची खबर २१ दिवसांत द्यावी. नोंद व पहिला दाखला विनामूल्य. तीस दिवसांपर्यंत विलंबशुल्क. त्यानंतर वर्षापर्यंत जिल्हा निबंधकाची लेखी परवानगी. वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्याचा आदेश. पूर्वी हे काम प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडे होते; दुरुस्तीनंतर ते जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी यांच्याकडे आले. नाव ठरले नसले तरी अडत नाही. नाव नंतर घालता येते. मूल रुग्णालयात जन्मले तर खबर देण्याची जबाबदारी तेथील वैद्यकीय अधिकाऱ्याची, घरी जन्मले तर कुटुंबप्रमुखाची.

मात्र घरचे दिवस निराळे मोजले जातात. बारसे बाराव्या दिवशी. पण बाळंतीण घराबाहेर पडते ती सव्वा महिन्याने, म्हणजे कायद्याची पहिली मुदत संपल्यानंतर. पहिले बाळंतपण माहेरी, आणि नोंद तर जेथे जन्म झाला तेथेच करावयाची, राहत्या गावी नव्हे. बाप शेवगावात, आजोळ बीडमध्ये आणि दाखला कोणी आणावयाचा हे दोघांपैकी कोणालाच ठरवून दिलेले नाही, असे सहज घडते. महाराष्ट्रात आज सुमारे ९५ टक्के बाळंतपणे रुग्णालयांत होतात, तेव्हा प्रश्न सुटलाच असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु नोंद होणे आणि दाखला हाती पडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. आणि उरलेले पाच टक्के कोण, हेही पाहिले पाहिजे.

उसाच्या फडातील जन्म

त्यांत ऊसतोडणी कामगार आहेत. पाथर्डी, शेवगाव, जामखेड येथील कुटुंबे दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन निघतात ती उन्हाळ्यातच परततात. नवराबायकोचा मिळून एक कोयता. त्यात बाईचे दिवस भरलेले असले तरी उचल फिटत नाही. मूल कोपीत जन्मले तर त्याची नोंद परमुलखातील ग्रामपंचायतीत, तीही २१ दिवसांत व्हावयाची. तालुक्याला एक खेप म्हणजे दोघांचा बुडालेला रोज. शुल्क नाममात्र असेल; किंमत नाममात्र नाही. जो स्थिर आहे त्याला नोंद फुकट पडते आणि जो भटकतो त्याला ती सर्वांत महाग पडते.

विलंबाने आलेल्यांकडे आता संशयानेही पाहिले जाते. बनावट दाखल्यांच्या तक्रारींनंतर राज्य शासनाने जानेवारी २०२५ मध्ये वर्षाहून अधिक विलंब झालेल्या नोंदींचे दाखले देणे थांबविले, चौकशीसाठी विशेष पथक नेमले आणि मार्च २०२५ मध्ये अधिक कडक कार्यपद्धती लागू केली. खोटे दाखले रोखलेच पाहिजेत, याबद्दल दुमत नाही. पण चाळणी बारीक केली की खड्यांबरोबर धान्यही अडकते. म्हणूनच उपाय विलंबाच्या टोकाला नव्हे, जन्माच्या टोकाला योजावयास हवा.

त्याचा धागा मूळ अधिनियमातच आहे. चहा, कॉफी, रबर इत्यादींच्या चार हेक्टरांहून कमी नसलेल्या मळ्यात जन्म झाला, तर त्याची खबर देण्याचे कर्तव्य कायद्याने मळ्याच्या अधीक्षकावर टाकले आहे. मजुराला कामावर आणणाऱ्याने त्याच्या मुलाच्या नोंदीची काळजी वाहावी, हे तत्त्व १९६९ सालीच मान्य झाले होते. उसाचे फड लहान असतात, त्यामुळे ते कलम जसेच्या तसे लागू पडणार नाही. परंतु तत्त्व लागू करण्यास कोणती अडचण आहे? कोणती टोळी कोणत्या गावी उतरली, हे कारखान्याच्या शेतकी खात्याला रोज ठाऊक असते. उसाच्या वजनाची पावती चुकत नाही, मग जन्माची खबर का चुकावी? ज्या जिल्ह्यात प्रवरानगरला सहकारी साखर कारखानदारीचा पाया घातला गेला, त्याने हा पायंडाही पाडावा. तसेच रुग्णालयातून बाळंतीण घरी जाताना दाखला तिच्या हाती पडेल, असा नियम कटाक्षाने पाळला जावा.

वेळ आहे, पण फार नाही. ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेली मुले २०२९ च्या आगेमागे पहिलीच्या दारात उभी राहतील. वयाच्या पुराव्याअभावी कोणाही बालकाला प्रवेश नाकारू नये, असे २००९ चा शिक्षणहक्क कायदा सांगतो. दाखलाच हवा, असे २०२३ ची दुरुस्ती सांगते. या दोहोंमध्ये उभा असेल तो शाळेचा मुख्याध्यापक. पूर्वीच्या गुरुजींपाशी निदान १ जून तरी होता. उद्याच्या गुरुजींना तोही आधार नसेल. तेव्हा त्यांच्या दाराशी मूल रिकाम्या हाताने येऊ नये, याची तजवीज आजच, फडातल्या कोपीपासून, व्हावयास हवी.